‘नवी सांगून जुनी चेन लावली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या जुन्या मोटारसायकलींच्या दुकानाला तुम्ही दिलेला दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलेलं कुठल्याच दुकानदाराला परवडत नाही. पोरगा म्हणाला, "बाबा, ‘सॉरी सर, दुकानात येऊन भेटा’ एवढंच लिहा आणि विषय मिटवा." मिटवला असता. खरं तुमच्या रिव्ह्यूतलं एक वाक्य काही केल्या गिळवेना, म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंय: "गोड बोलून गाडी गळ्यात मारली. नवी चेन सांगून जुनीच लावली, महिन्यात खडखडायला लागली. मायलेज चाळीससुद्धा नाही. जांबोटीच्या पुढं भर पावसात बंद पडली. हेडलाइटचं बटणच नाही. मालक फोन उचलत नाही."

यातलं बाकी सगळं एक वेळ चालेल. गाडी जुनी आहे, कुरकुरणार. खरं "नवी सांगून जुनी" म्हणजे मी खोटं बोलून तुमचे पैसे खाल्ले, असाच अर्थ होतो की नाही? आमच्याकडं येळ्ळूर, हिंडलगा, खानापूरकडून माणसं येतात ती कुणाच्या तरी सांगण्यावरून येतात. जाहिरात कधी केली नाही. आता नवीन पोरं आधी मोबाईलवर स्टार बघतात आणि मग दुकानाची पायरी चढतात. ती हे वाक्य वाचून परत फिरणार.

म्हणून चेनचंच आधी सांगतो.

तुमची गाडी २०१८ ची स्प्लेंडर प्लस. या गाडीची चेन पत्र्याच्या बंद केसमध्ये असते. पल्सरसारखी उघडी नसते. बाहेरून बघायचं म्हटलं तर केसला खाली रबराचं एक बूच आहे, ते काढल्यावर चेनच्या दोन-तीन कड्या दिसतात, तेवढंच. तुम्ही त्या भोकातून मोबाईलचा टॉर्च मारून फोटो काढलाय आणि लाल चिखल आणि काळं तेल बघून "जुनी" म्हटलंय. सर, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटातून पावसात गेलेल्या गाडीची चेन नवी असली तरी अशीच दिसणार. चेन जुनी का नवी हे रंगावरून कळत नाही. केस उघडून मागच्या स्प्रॉकेटवर (चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते ते) चेन चिमटीत धरून मागं ओढून बघायची. दातांवरून उचलली जाऊन खाली फट दिसली, तर चेन संपली. दात एका बाजूला आकड्यासारखे वाकले असतील तर स्प्रॉकेटपण गेलं. तुमच्या गाडीला आम्ही चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून पुरा किट घातलाय, कारण जुन्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकर झिजते. हजाराच्या आसपासचं सामान आहे. त्यात फसवून मी काय वाडा बांधणार होतो?

किटची पावती दुकानात आहे. जुना किटसुद्धा गोणपाटात पडलाय. गाडी नेताना तुमच्या मामांना तो दाखवलेला. मामा म्हणाले, "हे भंगार आमाला कशाला?" त्यांना विचारून बघा.

आता खडखड कुठून आली? नवी चेन सुरुवातीला सैल पडतेच. आतल्या पिना आणि बुश एकमेकांत बसेपर्यंत थोडी लांबी वाढते. नवीन विणलेल्या बाजेची दोरी आठ दिवसांत सैल पडते आणि पुन्हा ओढावी लागते, तसंच हे. म्हणून पाचशे किलोमीटरच्या आत गाडी आणा, पाच मिनिटांत चेन जुळवून देतो, पैसे घेत नाही, असं मी स्वतः सांगितलेलं. बिलाच्या मागंपण लिहिलंय. तुम्ही आला नाही. मधल्या काळात गोव्याला जाऊन आला. तुमचं स्टेटस मला दिसतं, नंबर सेव्ह आहे. फोटो छान आहेत. गाडीवर किती जण बसला होता ते मी इथं लिहीत नाही.

तिथून येताना वाटेत कुणाकडून तरी चेन ओढून घेतली, हे तुम्हीच फोनवर बोलला होता. माझं म्हणणं आहे की खरा घोळ तिथंच झालाय, आणि मायलेजचंपण उत्तर त्यातच आहे. नीट वाचा हे.

चेन ओढायची म्हणजे मागच्या चाकाचा नट सैल करून चाक मागं सरकवायचं. दोन्ही बाजूला खुणा असतात. डावीकडं जितक्या खुणा, उजवीकडं तितक्याच पाहिजेत. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि चेन स्प्रॉकेटला घासून आवाज करते. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, खालच्या बाजूला मधोमध चेन वर-खाली केल्यावर इंचभर हलली पाहिजे. ते पण एकाच जागी बघायचं नाही, चाक फिरवून दोन-चार ठिकाणी बघायचं. पुष्कळ जणांना वाटतं घट्ट म्हणजे चांगली. खरं तारेसारखी ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट. मागची माणसं बसली, खड्ड्यात शॉकअप दबला की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ येते. त्याचा आवाज घूं-घूं असा असतो. तुमच्या व्हिडिओत मला तोच ऐकू आला.

आणि चाक मागं गेलं की मागच्या ड्रम ब्रेकचा रॉडपण ताणला जातो. चेन जुळवल्यावर ब्रेकचा नट सैल करून पॅडलला पुन्हा खेळ द्यावा लागतो. हे वाटेवरचा माणूस विसरला असेल, तर तुमची गाडी ब्रेक धरूनच पळत्येय. मायलेज चाळीसच्या खाली येणार नाहीतर काय? घरी बघायचं असेल तर गाडी स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा. दोन-तीन फेरे सहज फिरलं पाहिजे. अडखळून थांबलं तर मी सांगितलेलं बरोबर. दहा किलोमीटर चालवून मागच्या हबजवळ हात नेऊन बघा, एकदम हात लावू नका, पोळेल.

चेनला जळकं इंजिन ऑइल ओतू नका, त्यात लोखंडाची बारीक पूड असते. नव्वद नंबरचं गिअर ऑइल चालतं. आणि वॉशिंग सेंटरला प्रेशरनं केसच्या भोकात पाणी मारू देऊ नका. आपल्याकडचा लाल चिखल वाळला की घासकागदाचं काम करतो.

हेडलाइटचं काय बोलू! १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या सगळ्या दुचाकींना सरकारी नियमानं इंजिन चालू झालं की लाइट आपोआप लागतो. बटण दिलेलंच नसतं. तुमची गाडी २०१८ ची. हा बिघाड म्हणून मी दोन स्टारचा झालो, याला हसावं का रडावं?

जांबोटीच्या पुढं बंद पडली त्या दिवशी तुम्ही केलेला फोन मी घेतला होता, म्हणजे "फोन उचलत नाही" हेपण पुरतं खरं नाही. हात तेलात असतात, दुकानात कॉम्प्रेसर चालू असतो, दहातले दोन सुटतात. त्या दिवशी मी विचारलं, टाकीखालचा कॉक (पेट्रोलची चावी) रिझर्व्हवर, म्हणजे राखीव पेट्रोलवर, केला का? तुम्ही म्हणाला, कुठला कॉक? दोन मिनिटांनी गाडी चालू झाली. तुम्ही याआधी स्कूटर चालवत होता, कबूल, तिला कॉक नसतो. खरं मग बंद पडली असं लिहिताना पेट्रोल मेनचं संपलं होतं, हे एवढं लिहायला काय हरकत होती?

जुनी गाडी घेतली की पहिला महिना तिला ओळखण्यातच जातो, सर. आधीच्या मालकाच्या हाताला ती सवयलेली असते. कार्बोरेटरची आहे, सकाळी थंडीत किंवा पावसाळ्यात चोक लागणार. गरम झाल्यावर चोक परत बंद करायचा. तसाच राहिला तर प्लग काळा पडतो आणि पेट्रोल पिते. चार-पाच दिवस उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त आहे, ते पाणी धरतं, आणि जास्त दिवस उभ्या गाडीचा कार्बोरेटर त्यानं खराब होतो. इंजिन ऑइल आम्ही नवीन घालून दिलंय, १०डब्ल्यू-३०, डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं. ते महत्त्वाचं आहे, कारण मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. उद्यमबागेत कामाला आहात म्हणून सांगतो, मशीनचं किंवा कारचं उरलेलं तेल फुकट मिळालं तरी ओतू नका, क्लच घसरायला लागेल. हवा पुढं २५, मागं एकटे असाल तर २८. मागं माणूस बसणार असेल तर मागं ४०. पेट्रोल पंपावरचा पोरगा दोन्हीकडं तीस मारतो, त्याला सांगावं लागतं.

आरसी नावावर करण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, खरं विचारत होता म्हणून तेपण. फॉर्म २९ आणि ३० भरून दिलेत, गाडी केए-२२ ची (बेळगाव पासिंगची) केए-२२ मध्येच राहते, त्यामुळं अडचण काही नाही. (चंदगडकडचं गिऱ्हाईक आलं तर मी आधीच सांगतो, एनओसी काढून महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागेल, घाई असेल तर घेऊ नका. असा धंदा सोडणारा माणूस चेनमध्ये लबाडी करेल काय?) इन्शुरन्स मात्र तुम्हाला तुमच्या नावावर करून घ्यायचाय. मी घेताना बोललो होतो.

तुमचं पण एक बरोबर आहे. गाडी देताना दुकानात गर्दी होती, गणपती जवळ आले की सगळ्यांना त्याच आठवड्यात गाडी पाहिजे असते. कॉक, चोक, सगळं निवांत दाखवायला पाहिजे, तसं इथून पुढं बघू. फोनसाठीपण काहीतरी करतो, पोराकडं एक वेगळा नंबर द्यायचा विचार आहे.

आता माझं एवढंच म्हणणं. गाडी घेऊन या. तुमच्यासमोर केस उघडतो, जुना किट आणि आताची चेन शेजारी ठेवतो, पावती दाखवतो. मामांनापण आणा. त्यांना यातलं कळतं. चेन आणि ब्रेक जुळवून देतो, त्याचे पैसे नाहीत. चेन खरोखर जुनी निघाली तर गाडीचे ४२,००० रुपये मोजून परत देतो आणि गाडी ठेवून घेतो, हे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि नवी निघाली तर स्टार दोनच राहू देत, मायलेजचं राहू दे, फोनचंपण राहू दे. चेनचं वाक्य तेवढं काढा.

सकाळी साडेदहाच्या आत आलात तर बरं, नंतर मेकॅनिक मोकळा सापडत नाही.