हळद आमचीच आहे, पण काळूच्या गोळ्या बंद करू नका

रविवारी सकाळी सांगलीत काकूंकडे विश्रामबागेत गेले, तर त्यांचा कुत्रा काळू दारात उभा होता. तीन पायांवर, मान खाली घालून. मला बघून शेपूट हलली, पण तो बसेना. काकू म्हणाल्या, "रात्रभर असाच उभा आहे गं. बसायला जातो आणि अर्ध्यातनंच उठतो." त्याच्या ओठांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या, गळ्याखालच्या केसांत पिवळं काहीतरी वाळून चिकटलं होतं. ओट्यावर एका वाटीत हळद, खोबरेल तेल आणि मिरपूड कालवून ठेवलेली. दुखण्याच्या औषधाची बाटली फ्रिजवर होती, आणि ती मंगळवारपासून उघडलेलीच नव्हती.

काळू सात वर्षांचा रॉटवायलर. गेल्या गणपतीत त्याच्या पुढच्या डाव्या पायात, मनगटाच्या जरा वर, हाडाचा कॅन्सर निघाला. ऑस्टिओसार्कोमा. पुण्यात पाय काढला, दर तीन आठवड्यांनी केमोच्या फेऱ्या झाल्या, आणि दहा महिने तो अंगणात मांजरांच्या मागे धावला. या महिन्यात मागचा उजवा पाय टेकवेना. एक्स-रेत गुडघ्याच्या वरच्या हाडात आणि फुफ्फुसातही दिसलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता बरं करण्यासारखं काही नाही, त्याला दुखणार नाही एवढंच बघायचं.

आणि त्याच आठवड्यात काकूंना भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज आला. तुमच्यापैकी कित्येकांना आला असेल. "सांगलीच्या हळदीचा चमत्कार. कुत्र्याचा उलटलेला हाडाचा कॅन्सर २१ दिवसांत गायब." खाली सोनेरी केसांच्या कुत्र्याचा फोटो, मग सूचना: हळदीची पेस्ट दिवसातून तीनदा, सगळी इंग्रजी औषधं ताबडतोब बंद, भाकरी-पोळी बंद. पुढं लिहिलेलं: कॅन्सर उलटतो, म्हणजे परत येतो, तो सुरी लावल्यामुळं. अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलंय यातच सगळं आलं. आणि शेवटी, इंजेक्शन देऊन मुक्या जिवाचा खून करू नका.

क्रमानं उत्तर द्यायला माझ्याकडे धीर नाही. ज्या वाक्यानं काळूला पाच रात्री उभं ठेवलं, तिथूनच सुरुवात करते.

"वेदनाशामक गोळ्या किडनी खातात आणि विष आत कोंडतात. त्या बंद केल्यावर कुत्रा विव्हळला, जेवला नाही, तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय."

हे लिहिणाऱ्यानं हाडाचा कॅन्सर झालेलं जनावर कधी जवळून पाहिलेलं नाही. या आजारात हाड आतून पोखरलं जातं. हाडावरच्या पातळ आवरणात मज्जातंतू दाटीनं असतात आणि गाठ त्यालाच ताणते. पोखरलेल्या हाडाला बारीक चिरा जातात. कधी नुसतं वळताना, पायरी उतरताना ते हाड मोडतं. या दुखण्यात जे विव्हळणं असतं ते दुखण्याचंच असतं, त्यात कुठलं विष बाहेर पडत नाही. आणि बहुतेक कुत्री विव्हळतही नाहीत. ती रात्री धापा टाकतात, जागा बदलत राहतात, एकच जागा चाटत बसतात, जेवणाकडे पाठ करतात. काळू बसत नव्हता, कारण बसताना मागच्या दोन्ही पायांवर भार येतो. कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असतं. याला पुढचा एकच उरलाय, आणि मागच्या दोनातला एक पोखरलेला. अशा जिवाची दुखण्याची औषधं काढून घ्यायची आणि वर त्याच्या मालकिणीला सांगायचं की तो तळमळतोय म्हणजे गुण येतोय? असं सांगितलं की माणूस डोळ्यांसमोरचं दुखणं बघून सुधारणा समजायला लागतं. काकूंनी तेच केलं. पाच दिवस त्या मनाला समजावत होत्या की विष निघतंय.

किडनीबद्दल म्हणाल, तर अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. मेलॉक्सिकॅमसारख्या दुखणं आणि सूज कमी करणाऱ्या औषधांचा पोटावर आणि किडनीवर परिणाम होऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर मधूनमधून रक्त तपासतात, वजनावर डोस मोजतात आणि ती स्टेरॉइडच्या जोडीनं देत नाहीत. याच कारणासाठी घरातली माणसांची गोळी कुत्र्याला कधीच द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी निकामी होते, जीवही जातो. पण जपून द्यायचं औषध आणि देऊच नये असं औषध यांत फरक आहे. काळूपुढे आता वर्षं नाहीत, आठवडे आहेत. तीन वर्षांनंतरची किडनी वाचवायला त्याची आजची रात्र घालवायची, हा हिशोब कुणाच्या भल्याचा?

आता हळद. मी हळदीच्या घरातली आहे. माहेरी तीन पिढ्या अडतीचा धंदा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद कशी वर्षानुवर्षं न किडता राहायची ते आजोबांच्या तोंडून ऐकत वाढले, हळकुंड मोडून आतला रंग बघायला शाळेत जायच्या आधी शिकले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले होते. म्हणून कुणी मला हळदीचा द्वेष करणारी म्हणू नये. आमच्या मालाचं नाव घेऊन हे खोटं फिरतंय, याचाच राग जास्त आहे.

हळदीत कर्क्युमिन असतं, साधारण शंभर ग्रॅममध्ये तीनेक ग्रॅम. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं तर त्या मरतात. हे खरं आहे, कुत्र्याच्या पेशींवरही पाहिलेलं आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा तेच कुठंतरी अर्धवट वाचलंय. पण बशीतल्या पेशी फिनेलनंही मरतात. प्रश्न असा की पोटात गेलेलं कर्क्युमिन हाडातल्या गाठीपर्यंत पोचतं का? जवळजवळ नाही. आतड्यातून फारच थोडं रक्तात शिरतं, जे शिरतं ते यकृत लगेच रूप बदलून बाहेर टाकतं.

यावर एक निबंध प्रत्येकानं वाचावा असा आहे. जानेवारी २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनवरचं सगळं संशोधन एकत्र तपासलं. तोवर माणसांवर १२० पेक्षा जास्त चाचण्या झाल्या होत्या. त्यांतली एकही दुहेरी-अंध चाचणी, म्हणजे खरं औषध कुणाला आणि नकली कुणाला हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला अशी चाचणी, यशस्वी ठरलेली नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कर्क्युमिन स्वतः चमकतं, कशालाही चिकटतं, लवकर मोडतं. त्यामुळं प्रयोगशाळेतल्या कित्येक तपासण्यांत ते गुण नसताना गुण दाखवतं. हळदीवर हजारो शोधनिबंध आहेत म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि हे सगळं माणसांबद्दलचं. कुत्र्याचा उलटलेला हाडाचा कॅन्सर हळदीनं गेल्याची एकही धड चाचणी त्या मेसेजमध्ये नाही. आहे तो एक फोटो, आणि त्यातल्या कुत्र्याचे चारही पाय धडधाकट आहेत.

मिरपुडीनं कर्क्युमिन जास्त शोषलं जातं, हेही खरं. पण मिरीतला तोच घटक, पायपरिन, यकृताचं औषधं पचवायचं कामही अडवू शकतो. म्हणजे दुसरी औषधं चालू असताना कशाचा किती डोस अंगात राहील याचा भरवसा नाही. आणि आजारी कुत्र्याला दिवसातून तीनदा चमचा चमचा तेल? काळूला जुलाब लागले होते. तीन पायांवर उभा राहून जुलाब. दरवेळी काकू जुन्या सतरंजीची पट्टी त्याच्या पोटाखालून घालून त्याला उचलून धरत होत्या.

पेटंटचं तर ऐकवत नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट मिळालं होतं. कॅन्सरसाठी नव्हे, जखमेसाठी. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरनं, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, आपले जुने ग्रंथ आणि कागद पुढे ठेवून ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं, कारण आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली गोष्ट नवा शोध ठरू शकत नाही. मराठी माणसाच्या अभिमानाची लढाई आहे ती. तिचा कुत्र्याच्या हाडाशी काय संबंध?

"सुरी लागली म्हणून कॅन्सर उलटला." काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. "मीच पाय कापायला हो म्हटलं," असं त्या दोनदा म्हणाल्या. काकू, नीट ऐका. हा आजार निघतो तेव्हा शंभरातल्या पंधरांहून कमी कुत्र्यांच्या फुफ्फुसात एक्स-रेवर काही दिसतं. पण नव्वदेक कुत्र्यांत न दिसणाऱ्या बारीक पेशी तोवर शरीरात पसरलेल्या असतात. त्या सुरीच्या आधीच निघालेल्या असतात. म्हणूनच पाय काढल्यावर केमो देतात. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात, केमो जोडली तर दहा-बारा. काळूला दहा मिळाले. तुमच्या हो म्हणण्यानं ते मिळाले. तुकडा तपासायला काढताना सुई जिथून जाते तो मार्ग नंतर काढून टाकावा लागतो आणि कमकुवत हाड त्यात मोडू शकतं, एवढी काळजी डॉक्टर घेतात. या मेसेजनं त्या काळजीची भीती करून टाकली.

भाकरी बंद केल्यानं कॅन्सर उपाशी मरत नाही, कुत्रा उपाशी राहतो. काळूला दुधात कुस्करलेली भाकरी आवडते, ती द्यावी.

राहिलं इंजेक्शन. खून हा शब्द लिहिणाऱ्यानं तो कुणाच्या घरात जाऊन पडणार याचा विचार केलेला नाही. कुणीही आपलं जनावर हौसेनं टेबलावर ठेवत नाही. माझं मत असं की औषधानंही दुखणं आवरेना, हाड मोडलं, श्वास लागायला लागला, तर त्याला त्यातच ठेवणं हे पुण्य नव्हे. पण ती वेळ केव्हा आली हे ठरवायला काहीतरी धरायला लागतं. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक कॅन्सरतज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यासाठी एक साधी यादी मांडली: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. काकूंना इंग्रजी यादी नको होती. आम्ही कालनिर्णय खाली काढलं. जिथं त्या दुधाचा हिशोब लिहितात त्याच चौकोनांत रोज रात्री एक शब्द लिहायचा, बरा किंवा वाईट. सलग तीन वाईट आले की डॉक्टरांना घरी बोलवायचं, हे काकूंनीच ठरवलं.

रविवारी दुपारी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, उलटी झाली का, शी काळी झाली का. नाही म्हटल्यावर औषध परत सुरू झालं, सोबत गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं औषधही जोडून दिलं. फरशीवर पाय घसरू नये म्हणून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या टाकल्या. पिवळी वाटी मी मोरीत ओतली, तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत.

सोमवारी चौकोनात त्यांनी "वाईट" लिहिलं. मंगळवारी रात्री साडेअकराला फोन आला, हळू आवाजात, जणू त्याला जाग येईल: "झोपलाय गं. आडवा होऊन, कुशीवर. घोरतोय."