जॅकवरची गाडी भरधाव

काल पहाटे साडेपाचला आमच्या ट्रकचे ड्रायव्हर तात्या, त्यांचा फोन. "शेठ, गाडी आत घेत न्हाईत. माझ्यावर गुन्हा हाय म्हणतात."

अठरा टन माल, ताडपत्री आवळलेली, बिल्टी (मालाची पावती) हातात, ई-वे बिल (माल वाहून न्यायचा जीएसटीचा कागद) रात्री बाराला संपणार. आणि गाडी चाकणच्या एका कंपनीच्या गेटबाहेर धूळ खात उभी. का? तर गेल्या महिन्यापासून आत येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचा पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. बरं, लागतो तर लागतो. काढला आम्ही. तात्या महिन्यातले पंचवीस दिवस केबिनमध्ये झोपतात आणि पडताळणीला 'राहत्या पत्त्यावर हजर राहा' म्हणे. म्हणजे उदगीरकडच्या गावी. दोन खेपा बुडवून माणूस गावाला जाऊन आला. दाखला आला, त्यावर एक ओळ: गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट.

सिक्युरिटी सुपरवायझर ती ओळ मला बोटाने दाखवतो आणि म्हणतो, "सर, क्रिमिनल रेकॉर्ड आहे."

क्रिमिनल! गाडीत माश्यासुद्धा मारत नाही तो माणूस, काच खाली करून बाहेर घालवतो.

आता तो गुन्हा ऐका. २०२४ चा नोव्हेंबर, सोलापूर रस्ता, रात्रीचे दोन. मागचा टायर फुटला. तात्यांनी गाडी पूर्ण डावीकडे घेतली, इंडिकेटर चालू ठेवले, लांबवर त्रिकोण ठेवला, त्याच्याही मागे बाभळीची फांदी टाकली, कारण त्रिकोण लोक उचलून नेतात. गाडी जॅकवर, चाक काढून बाजूला. तेवढ्यात मागून मोटरसायकल येते, दोघं, हेल्मेट नाही, आणि फांदी, त्रिकोण, इंडिकेटर सगळ्यांना मान देत थेट मागच्या फाळक्यावर. चालवणाऱ्याचा पाय मोडला. क्लीनर म्हणाला, तात्या, निघू या. निघणार कसं, चाक जमिनीवर पडलंय! पण चाक असतं तरी तात्या निघाले नसते, हे मी अकरा वर्षांच्या अनुभवावर सांगतो. १०८ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या पोराचं डोकं मांडीवर धरून बसले, जमलेल्या लोकांच्या दोन थपडा खाल्ल्या, आणि मग स्वतःच्या पायांनी चौकीत गेले.

तिथे आधी तासभर हद्दीचा वाद. पुलाच्या अलीकडे झालं की पलीकडे? नवीन कायद्यात हद्द बघायची नाही, जिथे माणूस येईल तिथे नोंद घ्यायची, हे मीसुद्धा वाचलंय. पण रात्री तीनला ठाणे अंमलदाराला कायदा शिकवायची हिंमत तुमच्यात असेल तर तुम्ही या.

आणि मग कलमं लावली. भारतीय न्याय संहिता २८५, रस्त्यात अडथळा. ठीक, घ्या. १२५, दुसऱ्याच्या जीविताला धोका. घ्या तेही. आणि २८१. भरधाव आणि हयगयीने वाहन चालवणे.

गाडी जॅकवर होती.

परत सांगतो. चाक नव्हतं. ट्रक जॅकवर उभा होता आणि आमच्या तात्यांनी तो भरधाव चालवला. तीन चाकांवर सर्कशीत चालवतात तसा. मी हे विचारलं तर उत्तर मिळालं, "ते आमच्या फॉरमॅटमध्ये असतंच." असतंच! आजवर किती फॉरमॅट झाले असतील देवाला ठाऊक. मोठी गाडी दिसली की चूक तिचीच, हे तर कुठल्या कलमात लिहायचीही गरज नाही, ते आपल्या रक्तातच आहे.

त्यानंतर गाडी ठाण्याच्या आवारात. आरटीओचा एम.व्ही. (मोटार वाहन) इन्स्पेक्टर येऊन ब्रेक तपासेपर्यंत थांबा. (ब्रेक उत्तम होते. गाडी जॅकवर होती.) मग कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे बोलावलं की गाडी हजर करीन या हमीवर, सोडवा. सोडवायला गेलो तर बॅटरी नाही. पोलीस ठाण्याच्या आवारातून बॅटरी चोरीला! तिचा गुन्हा कुणाच्या दाखल्यावर येतो, कुणी सांगेल का?

कागद तर विचारू नका. २०२२ पासून नवीन नियम आहेत, पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, ड्रायव्हरचा फॉर्म तीस दिवसांत, मालकाचा फॉर्म तीस दिवसांत. मी भरला. तात्यांचाही मीच भरला. टायर फुटला, गाडी उभी होती, सगळं व्यवस्थित लिहिलं. ते सगळं कुठल्यातरी संगणकात आहे. गेटवर मात्र एक ओळ आली: गुन्हा दाखल.

मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम काढून बघा कधी. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात न्या, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवा. आणि त्यात चक्क लिहिलंय, जमावाच्या रोषामुळे शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. कायदा लिहिणाऱ्यालाही माहीत होतं की थांबलेला ड्रायव्हर मार खातो! तात्यांनी मारही खाल्ला आणि कळवलंही. त्याचं बक्षीस ही ओळ.

आणि जे थांबले नाहीत? २०२२ मध्ये देशात हिट अँड रनमध्ये ३०,४८६ माणसं गेली. ती मारून पळालेल्यांपैकी जे सापडलेच नाहीत, त्यांचे दाखले स्वच्छ आहेत. त्यांना गेटवर सलाम. जानेवारी २०२४ चा संप आठवतो ना? पळून जाऊन न कळवणाऱ्याला नव्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद, म्हणून देशभर गाड्या थांबल्या, आणि अख्ख्या महाराष्ट्राने पेट्रोलच्या रांगेत उभं राहून ड्रायव्हर लोकांना शिव्या घातल्या. शेवटी ते कलम बाजूला ठेवलं. तेव्हा तात्या म्हणाले होते, "थांबलं तर लोक मारतात, पळालं तर सरकार." मी तेव्हा हसलो होतो.

तर गेटवर माझा पारा चढला. वीस मिनिटं बोललो. आवाज किती चढला असेल, तर मागच्या कंटेनरचा सरदारजी खाली उतरून बघायला आला. शेवटी सुपरवायझर शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही आत साहेबांशी बोला, तुमचं आयडी द्या." मी ऐटीत लायसन्स टेबलावर आपटलं. त्याने उचललं, वाचलं, आणि परत दिलं.

"सर, हे मार्चमध्ये संपलंय."

मी स्वतः गाडी चालवत तिथे गेलो होतो, भरधाव. जॅकवर नव्हे.

यावर तात्या बाजूला बघत तंबाखू मळत होते. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

आणि पडताळणीचं म्हणाल तर आम्ही मालक तरी काय दिवे लावतो? माझ्याकडे माणूस आला की मी आधीच्या शेठला फोन करतो, "कसा आहे?" तो म्हणाला "सोनं आहे सोनं", की समजायचं याला पिटाळायचाय. शिव्या घातल्या की समजायचं सोडवत नाही, आणि घ्यायचा. तात्यांच्या आधीच्या मालकाने मला दहा मिनिटं शिव्या ऐकवल्या होत्या. आम्हा मालकांच्या ग्रुपवर रोज ड्रायव्हरांचे फोटो येतात, हा ॲडव्हान्स घेऊन पळाला, याने डिझेल विकलं, सावधान. त्यातला एक फोटो दोन वर्षं फिरतोय आणि तो माणूस आजही ग्रुपमधल्याच एकाच्या गाडीवर आहे. मला माहीत आहे, कारण गाडी माझ्या मेव्हण्याची आहे.

गेटवर शेवटी तोडगा काय निघाला? "दुसरा ड्रायव्हर पाठवा, गाडी आत घेतो." मग दुपारी शोधाशोध करून एक पोरगा आणला. हेवीचं लायसन्स मिळून आठ महिने झालेत. दाखला कोरा करकरीत, अजून चुका करायलाच वेळ मिळाला नाही बिचाऱ्याला. त्याने गाडी आत नेली, चारशे मीटर, आणि डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, मागे लावायची वेळ आली तेव्हा हातपाय गाळले. दोनदा पुढे, दोनदा मागे, मागे दुसऱ्या गाड्यांचे हॉर्न.

मग त्याने फोन लावला. तात्या गेटबाहेर, दगडावर बसून, चष्मा नाकावर, व्हिडिओ कॉलवर. "काट उजवीकडं. आणखी. आता सोड. आरशात बघ, माझ्याकडं नको बघू. ये, ये, ये, ये... बास."

गाडी लागली. अकरा तासांचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचं भाडं, मागितलं तर कंपनीवाले म्हणाले, ड्रायव्हरचे कागद तुमचे, तुम्ही बघा. तात्यांची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. मी पण येतो म्हटलं त्यांना, सोबत. तर म्हणाले, "या, पण एसटीनं या."