चिनी झाडपाल्याची बाटली आणि आईची पल्स

आईच्या डिमेन्शियाबद्दल मागे लिहिलं तेव्हापासून इनबॉक्समधे चायनीज हर्बल औषधांचे व्हिडिओ येतायत. पाठवणारे काळजीनेच पाठवतात हे कळतं मला, म्हणून एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच सगळं लिहिते. जरा लांब होईल.

गेल्या वर्षी मावसबहीण अमेरिकेहून येताना मेमरीच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. वर हिरवं पान, 'नॅचरल', आणि खाली बारीक अक्षरात हुपरझिन ए, २०० मायक्रोग्रॅम. तिकडे हे सप्लिमेंट म्हणून विकतात, चिठ्ठी लागत नाही. आईला डॉक्टरांनी दिलेली डोनेपेझिल ही डिमेन्शियाची गोळी चालूच होती, मी म्हटलं झाडपाल्याचं तर आहे, गुण नाही आला तर नाही, अपाय काय होणारे, आणि सकाळच्या चहानंतर द्यायला लागले. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना बोलले नाही. दहा-बारा दिवसांत आईचं जेवण तुटलं, उलट्या, जुलाब, आणि एका पहाटे बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडली. पल्स ४६. हाड मोडलं नाही एवढीच देवाची कृपा. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला लावल्या, ती बाटली वाचली आणि म्हणाले, अहो ताई, या दोन्ही गोळ्या एकच काम करतात.

मग मी वाचायला बसले. आठवणीसाठी मेंदूला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं, अल्झायमरमधे ते कमी पडतं, आणि ते तोडणाऱ्या एन्झाइमला डोनेपेझिल अडवते. हुपरझिनही नेमकं तेच करतं. पण हेच ॲसिटिलकोलिन वाढलं की हृदयाचे ठोके हळू करतं आणि आतड्यांना पळवतं, म्हणजे आईला जे झालं ते सगळं त्यातच आलं.

ज्या वनस्पतीतून हे येतं ती नेच्याच्या जवळची, बुटकी, सावलीत फार हळू वाढणारी. चिनी भाषेत तिचं नाव हजार मजल्यांचा मनोरा अशा अर्थाचं आहे. 'हजारो वर्षांचं स्मरणशक्तीचं औषध' म्हणून व्हिडिओत सांगतात ना, तर तिकडच्या परंपरेत ती मुख्यतः मुका मार, मुरगळ, सूज यावर द्यायचे. स्मरणशक्तीचा भाग आधुनिक आहे, १९८० च्या दशकात शांघायच्या शास्त्रज्ञांनी त्यातून हुपरझिन वेगळं काढलं आणि पुढे चीनमधे ते अल्झायमरचं औषध म्हणून मंजूर झालं. म्हणजे चीनमधे ते औषध आहे आणि आपल्याकडे पाहुण्यांच्या बॅगेतून येतं ते टॉनिक म्हणून, याचा मला खरंच राग येतो.

आणि गुण किती? अमेरिकेत २१० पेशंटवर ट्रायल झाली, २०११ मधे छापून आली. आमच्या बाटलीतलाच २०० मायक्रोग्रॅमचा डोस दिवसातून दोनदा, १६ आठवडे, आणि प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, काही फरक नाही. दुप्पट डोसवाल्यांत थोडी आशा दिसली, पण तेवढ्यावर आईला गोळी देणार नाही मी. गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काचंही तसंच, तीन हजारांवर म्हाताऱ्या माणसांना सहा वर्षं दिलं तरी डिमेन्शिया टळला नाही.

आता कुणी म्हणेल ही चिनी वैद्यकाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. तू योयो या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी चौथ्या शतकातल्या ग्रंथातली एक ओळ वाचली, पाला उकळायचा नाही, पाण्यात भिजवून पिळून रस काढायचा, त्यावरून कमी तापमानाला अर्क काढला आणि मलेरियाचं औषध आर्टेमिसिनिन हाती आलं, २०१५ चं नोबेल त्यासाठीच. पण त्यांनी ते तपासलं, आधी प्राण्यांवर आणि मग स्वतः घेऊन. झाडाचा मान ठेवणं मी याला म्हणते.

विसराळूपणावर सातव्या शतकातले चिनी वैद्य सुन सिमियाव यांच्या ग्रंथात काइ शिन सान नावाचं चूर्ण आहे, त्यात चार गोष्टी, जिनसेंग, फु लिंग नावाची एक बुरशी, युआन झी नावाचं मूळ, आणि चौथी चक्क आपल्या वेखंडाची सख्खी बहीण! हे वाचलं त्या दिवशी मी घरातलं वेखंड सहाणेवर उगाळून आईच्या नाकाशी धरलं. माझं नाव तिला त्या आठवड्यात आठवत नव्हतं, पण वास घेऊन म्हणाली, बाळाच्या टाळूला लाव, सर्दी होईल. मी बराच वेळ तिथेच बसून होते.

खरं सांगू का, आता मला तिची स्मरणशक्ती परत हवी असा हट्ट राहिला नाहीये. संध्याकाळी सहा वाजले की ती स्वतःच्या घरात बसून 'मला घरी जायचंय' म्हणत दार ओढते, हात धरला तर मारते, ती संध्याकाळ शांत जावी एवढंच हवंय. ज्यांच्या घरी आहे त्यांना कळेल. जपानमधे याच चिडचिडीसाठी योकुकानसान नावाचं औषध देतात, मूळ चिनीच, सात वनस्पतींचं, पूर्वी लहान मुलांच्या रात्रीच्या रडण्यावर द्यायचे. सुरुवातीच्या अभ्यासात चांगला परिणाम दिसला, पुढे प्लासिबोशी तुलना केली तेव्हा फरक तितका स्पष्ट आला नाही. शिवाय त्यात ज्येष्ठमध आहे, जास्त दिवस पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं, आणि आईच्या बीपीच्या गोळीनेही तेच होतं.

सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. या वेळी सगळं कागदावर लिहून नेतेय, योकुकानसानचं नाव, ज्येष्ठमध, बीपीची गोळी, मागची पल्स. काय म्हणतात ते इथेच कळवते.