मावशी, हस्तर पुराणात नाही

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मावशीनं एक मेसेज टाकला. हस्तर हा स्कंदपुराणातला शापित देव, त्याचं नाव ग्रंथांतून मुद्दाम पुसलं, कोकणात तुंबाडला त्याचं देऊळ आजही आहे, शापामुळेच 'तुंबाड' सिनेमा रखडला, आणि अवसेला कणकेची बाहुली करून पुजली की गुप्तधन मिळतं. शेवटी अर्थातच 'अकरा जणांना पाठवा'. मी सोडून दिलं असतं. पण खाली मावशीनं स्वतः टाइप केलं होतं, "आपल्या आजोळच्या पडक्या घरातही असेल का रे काही?"

आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी पुराण. ज्याचा पत्ता सांगायचा नसतो ते स्कंदपुराणात आहे असं ठोकून द्यायचं, ही जुनी युक्ती. 81 हजार श्लोकांचं पुराण, तपासायला कोण बसणार? हस्तर जन्मला तो 2018 च्या 'तुंबाड'मध्ये. सिनेमाचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं, नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकलेली, असं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच सांगितलंय. नावाशी मिळतंजुळतं नाव हवंच असेल तर अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या 1891 च्या कथेत 'हस्तुर' सापडेल. तिथे तो मेंढपाळांचा देव आहे. पुढच्या भयकथाकारांनी त्याला विश्वाएवढा अक्राळविक्राळ केला. आणि ग्रंथांतून नाव पुसलंच होतं, तर मेसेज लिहिणाऱ्याला ते कुठे वाचायला मिळालं?

तुंबाड गाव आहे, हे मान्य. खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे आपल्या घरात ते नाव आधीपासून आहे आणि सिनेमानं ते तिथूनच उचललं. देवचार, राखणदार मानणाऱ्या कोकणात अशी गोष्ट खपते, हेही मान्य. पण सिनेमातला वाडा सासवडचा आहे, मावशी. घाटावरचा.

शाप वगैरे काही नाही. सिनेमा रखडला, कारण खरा पाऊस हवा म्हणून सिनेमावाले पावसाळ्याची वाट बघत बसले, आणि बरंचसं पुन्हा चित्रित केलं. पैशांचीही ओढाताण होती.

आता बाहुली. माझं डोकं फिरलं ते इथे. सिनेमातली अटच अशी आहे की हस्तरची पूजा कुणी करायची नाही. त्याची आई, म्हणजे देवी, त्याला वाचवते ती त्याच अटीवर. म्हणजे मेसेज त्याच्याच देवाची अट मोडायला सांगतोय! शिवाय सिनेमात कणकेची बाहुली हे हस्तरला भुलवायचं नुसतं आमिष आहे, पूजा नव्हे. हावरटपणानं एकाच वेळी ढीगभर बाहुल्या नेल्यावर सिनेमाच्या नायकाचं, विनायकरावाचं काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्यानं पाहिलेलंच नसावं. मध्यंतरातच उठला असेल.

हसून सोडलं असतं, पण गुप्तधन हा शब्द महाराष्ट्रात नुसता गोष्टीतला नाही. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यात मानवतला खून पडत गेले, त्यांत लहान मुलीही होत्या, आणि कारण म्हणून पुढे आलं ते गुप्तधन आणि मूल होण्याचा हव्यास. तिथेही आधी कुणीतरी 'जाणकार' म्हणून पुढे आलाच होता. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख आहे तो उगाच नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5 हजार ते 50 हजार, आणि नुसतं करणंच नव्हे, प्रचार करणंही त्यात येतं. कणकेच्या बाहुलीपायी मावशीला कुणी धरून नेणार नाही. पण कणकेवर भागलं नाही की हे 'जाणकार' पुढचं मागायला लागतात. आधी कोंबडा, मग बोकड. मानवतला तर त्याही पुढे गेले.

2024 च्या सप्टेंबरात सिनेमा पुन्हा थिएटरात लागला होता. मावशी, एकदा शेवटपर्यंत बघ, पुन्हा लागला तर मी तिकीट काढून देतो, नाहीतर घरी टीव्हीवर लावतो. आणि आजोळच्या पडक्या घरात काय आहे ते मी गेल्या मे महिन्यात बघून आलोय. एक मोडका बंब, वाळवी लागलेलं फडताळ आणि सातबाऱ्यावर चौदा नावं.