पाऊस आला म्हणून सहल बुडत नाही
'पावसात गोव्याला जाऊच नका' हा लेखातला सल्ला काही पटला नाही. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात पाणी शिरलं आणि ठाण्याहून आमच्याकडे म्हापशाला निघालेली नणंद पोरांसकट रत्नागिरीत अडकली. एसटीने सावंतवाडी, तिथून कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस. पोचली तेव्हा बॅगेतले कपडेसुद्धा पिळावे लागले! समुद्रात उतरायला बंदी, दूधसागर बंद, पोरांची तोंडं एवढीशी. मग रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर नेलं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, म्हणून पोरांनी उगाच चार खेपा केल्या. घरी पेज आणि सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर. (धाकट्याने तीनदा घेतली.) पावसाळ्यात कोकणात गाड्यांचं वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा पहिल्या दिवशी काही ठरवूच नका. नणंद यंदाही जुलैतच येतेय.