ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

माझ्या आईचं बँकेत खातं आहे. पासबुकावर नाव तिचं, फोटो तिचा, अंगठा तिचा. पण त्या खात्यात रुपया आला-गेला की फोन वाजायचा माझ्या खिशातला. दहा वर्षं असंच चाललं. त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही. आता वाटतं, म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

२०१४ ला जनधनची खाती निघाली तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत शिबिर लागलं होतं. फॉर्म भरणाऱ्यानं मोबाइल नंबर विचारला. आईजवळ मोबाइल नव्हता, मी माझा सांगून टाकला. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्याआधी आईचा पैसा कसा होता ते सांगतो. घरची तीन एकर पऱ्हाटी वेचून झाली की आई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जायची. बाजाराच्या दिवशी मजुरी रोख मिळायची. ती आधी पदराच्या गाठीत आणि घरी आल्यावर उतरंडीतल्या एका मडक्यात, तुरीच्या डाळीखाली. बाबांना ठाऊक होतं, पण त्या मडक्याला त्यांनी कधी हात लावला नाही. माझ्या बारावीच्या परीक्षेची फी त्यातूनच गेली. ताईच्या पहिल्या बाळंतपणाचा डिंक आणि खोबरंही त्यातूनच आलं. कोणाला किती द्यायचं, कधी द्यायचं, कधी "नाई" म्हणायचं, हे ती ठरवायची.

मग ८ नोव्हेंबर २०१६ आला. पाचशे-हजाराच्या नोटा बंद. दुसऱ्या दिवशी आईनं मडकं खाली उतरवलं आणि पाचशेच्या नऊ नोटा बाबांसमोर ठेवल्या. कोणी तिला काही बोललं नाही. पण ती मान खाली घालून बसली होती, जणू तिनं चोरी केली होती. साडेचार हजार रुपये, तिच्या स्वतःच्या कमाईचे. मीच ते तिच्या खात्यात भरून आलो आणि मेसेज माझ्या मोबाइलवर आला. त्या दिवसानंतर मडक्यात फक्त डाळ राहिली.

पुढं गावात फोनपे आलं. आता वेचणीचे पैसेसुद्धा शेतमालक मोबाइलवर टाकतो. ज्या बाईकडे फोन नाही तिचे नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नंबरवर जातात. चोवीस तारखेला वेचलेल्या कापसाचे पैसे सव्वीसला पोराच्या फोनमध्ये येतात आणि बाई अठ्ठावीसला विचारते, "बाबू, माहे पैसे आले का रे?" स्वतःच्या घामाच्या पैशासाठी विचारावं लागतं. घरातल्या तंत्रज्ञानाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. यूपीआय मला आवडतं. सुट्ट्याची कटकट गेली, बँकेतली रांग गेली. पण ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात घर, असं होऊन बसलं.

आता माझी गोष्ट. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे तीन हजार राखीच्या आधी आईच्या खात्यात आले. फवारणीचे दिवस होते, कृषी केंद्राची उधारी होती. मी ते तीन हजार तिथं भरले. आईला विचारलं नाही. घरच्याच वावरात तर गेले, असं मनाशी म्हटलं. राखीच्या दिवशी ताई आली. तिची लेक दारात उभी असताना आई मला हळूच म्हणाली, "पोरीले एक फ्राक घ्याचा होता, त्या पैशातून." मी खाली पाहिलं. फ्रॉक मी माझ्या पैशानं आणून दिला. पण तो मामानं दिलेला झाला. आजीकडून द्यायचा राहूनच गेला.

आमच्या राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं मंदिर आहे. तिथं राम नाही, एकटी सीता आहे. असं सांगतात की वनवासात टाकलेली बाळंतीण सीता या गावात गहू मागायला आली, गावानं दिला नाही आणि तिनं शाप दिला. त्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला शेतकरी संघटनेचे शरद जोशी पुढं आले होते. १९८६ ला चांदवडला त्यांनी शेतकरी बायांचं अधिवेशन भरवलं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: वावराचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्या. तेव्हा प्रश्न सातबाऱ्याचा होता. तो सुटला नाहीच, त्यात आता मोबाइल नंबराची भर पडली. घरात राबणाऱ्या बाईला दोन पैशासाठी हात पसरावा लागतो, ते तसंच आहे.

लोक म्हणतात, बायांना फसवतील, ओटीपी सांगून बसतील. फसवणूक होते, खरं आहे. पण आमच्या गावात शिकलेली पोरं फसली आहेत, एक तर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या नादात गाडी विकून बसला. त्याचा फोन कोणी काढून घेतला नाही. माझ्या आईला लिहिता येत नाही, आकडे मात्र ओळखते. आठ बायांनी आठवडाभर रोज किती किलो वेचलं, हे ती तोंडी सांगते आणि काट्यावर अर्ध्या किलोचा फरक पकडते. तिला सहा आकड्यांचा पिन लक्षात राहणार नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे एकदा नीट बसून समजावलं की समजतं. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मी तिच्या फोनच्या मागं चिकटवून दिला.

आणि अंगठ्याच्या भरवशावर राहू नका. सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढता येतात हे ठीक. पण निंदण करून, बोंडांची टोकं टोचून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. "अंगठा लागत नाही" म्हणून आई तीनदा परत आली होती.

मला खरा हादरा बसला तो शेजारी. तिथले दादा मागच्या वर्षी अचानक गेले, पंचेचाळिशीतच. कापसाचा चुकारा त्यांच्या खात्यात, फोनला पॅटर्न लॉक, पिन कोणालाच माहीत नाही. खात्यावर वारस म्हणून नाव होतं त्यांच्या आईचं, लग्नाआधी लावलेलं, आणि ती माउली कधीचीच वारली. रिचार्ज करायला कोणाला सुचणार? काही महिन्यांनी नंबरही बंद पडला. वहिनी कागद घेऊन तालुक्याला किती चकरा मारत होत्या, ते मी पाहिलं आहे. कोणाशी भांडण नव्हतं, पैसेही होते. फक्त वीस वर्षांच्या संसारात त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर आईला गाडीवर मागं बसवलं आणि तालुक्याला गेलो. तिच्या नावावर सिम घेतलं, आधारला तो नंबर जोडला, मग बँकेत अर्ज देऊन माझा नंबर काढला. दोन दिवस गेले. एक साधा स्मार्टफोन घेतला, भाषा मराठी केली. पिन टाकताना मी अंगणात जाऊन उभा राहिलो. साध्या बटनाच्या फोनवरूनही यूपीआय चालतं, २०२२ पासून तशी सोय आहे. तेव्हा फोन महाग पडतो ही सबब फार टिकत नाही.

परवा सहज विचारलं, "खात्यात किती हाय वं माय?" तर म्हणाली, "तुले काहून पायजे?" मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात जेवताना बाबांजवळ सातबाऱ्याचा विषय काढला. लक्ष्मीमुक्तीखाली तलाठ्याकडे अर्ज केला की आईचं नाव त्यांच्या नावासोबत लागू शकतं. बाबा काही बोलले नाहीत, ताट सारून उठून गेले. आई भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं नाही. अर्जाचा कागद मी आणून ठेवला आहे.