एका फांदीची फाईल

आमच्या अंगणातल्या गावरान आंब्याची एक फांदी घराच्या टिनावर आली आहे आणि ती कापली पाहिजे, असा ठराव घरात पहिल्यांदा मांडला गेला तेव्हा मी नोकरीत होतो. ती प्रत्यक्ष खाली आली तेव्हा मला निवृत्त होऊन दुसरे वर्ष लागले होते. या विलंबाला मी जबाबदार नाही. तीस वर्षे कागद सरकवण्यात घालवलेल्या माणसाने असे म्हणावे, हे ऐकणाऱ्याला गमतीचे वाटेल. परंतु आमच्या गावात अख्खे झाड आडवे करायचे म्हटले तर आरागिरणीवाला सकाळी येतो आणि दुपारी ट्रॉली भरून निघून जातो. झाड उभे ठेवून त्याची एक फांदी तेवढी नीट काढायची म्हटली, की सारे गाव दारात येऊन उभे राहते.

गाव आमचे वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातले. या भागाला विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणतात आणि येथल्या पोराला पाढे येण्याच्या आधी आंबिया बहर आणि मृग बहर या संत्र्याच्या दोन हंगामांतला फरक कळतो. त्यामुळे झाडाच्या बाबतीत आपल्याला काही समजत नाही, असे कबूल करणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. अडचण एवढीच की हे सगळे ज्ञान संत्र्याचे, आणि आमचे झाड आंब्याचे.

फांदीचा उपद्रव खरा होता. पहाटे पाचच्या सुमारास वानरांची टोळी त्या फांदीवरून घरावर उतरत असे. एकेक वानर टोकापर्यंत येई, त्याच्या वजनाने फांदी झुके, आणि ते अलगद टिनावर पाय टेकी. सर्वांत शेवटी हुप्या येई. त्याच्या उतरण्याचा आवाज वेगळा होता. आमच्या मायने चहाचे आधण ठेवण्याची वेळ त्या आवाजावर बांधून घेतली होती. वादळात तीच फांदी टिनावर घासून असा काही सूर काढी, की पाहुणे उठून बसत. आमच्या सौभाग्यवतींनी शेवटी एक दिवस शांतपणे विचारले, "अहो, फांदी आधी पडते की घर, एवढं सांगा." शांतपणे विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला नोकरीपासून कळतो.

मी पानठेल्यावर एवढेच विचारले, की फांदी कापायला माणूस कोण मिळेल. माणूस कोणीच सांगितला नाही. फांदी कधी कापावी, हे मात्र चौघांनी सांगितले. एकाच्या मते अमावास्येला, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. मी म्हटले, लाकूड मला ठेवायचे नाही, झाड ठेवायचे आहे. तर तो म्हणाला, मग पौर्णिमेला कापा. दुसऱ्याच्या मते थंडीत कापावी. ते मला पटण्यासारखे नव्हते, कारण आंब्याचा मोहोर फांद्यांच्या शेंड्यांवर येतो आणि त्या दिवसांत कात्री चालवली तर मोहोरच हातात येतो. शेजारच्या काकाजींनी निकाल दिला, की फळ उतरले की जूनमध्ये, पाऊस बसायच्या आत. हा सल्ला बरोबर होता. काकाजींचा पहिला सल्ला नेहमी बरोबर असतो. माणूस फसतो तो त्यावर विसंबून दुसरा घेतो म्हणून.

मध्येच निवृत्त मास्तरांनी कायदा काढला. राज्यात वृक्षतोडीच्या नियमनाचा १९६४ चा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत सागवान, मोह, चिंच यांच्यासोबत आंबाही आहे, तेव्हा अर्ज दिल्याशिवाय करवतीला हात लावू नये, असे त्यांनी मला बजावले. मी अर्ज लिहायला बसलो. नमुन्यात 'झाडांची संख्या' असा रकाना होता. एका झाडाची एक फांदी ही संख्या कशी लिहावी यावर मास्तर आणि मी दोन संध्याकाळी घालवल्या. मास्तरांचा कल अपूर्णांकाकडे होता. शेवटी मी 'निरंक' लिहिले, कैफियत वेगळ्या कागदावर जोडली, आणि पोहोच घेऊन परतलो. आयुष्यभर ज्या प्रकारचे अर्ज मी त्रुटी काढून परत पाठवले, त्या प्रकारचा अर्ज मी स्वतः केला होता. आणि तो कोणीही परत पाठवला नाही, याचे मला थोडे वाईटच वाटले.

खरा वाद पुढेच होता. फांदी कापायची, हे ठरले; पण कुठून कापायची?

काकाजींचे मत स्वच्छ होते. "खोडाले लावून काप, एकदम सपाट. खुंटी ठेवली का उधई आलीच समज." खुंटी ठेवू नये, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, सुटलेली खुंटी वाळते, कुजते आणि तिच्यातून कूज खोडात शिरते. पण माझा पुतण्या अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकतो आणि सुट्टीत घरी आला होता. त्याने मला शिडीवर चढवून फांदीच्या बुडाशी हात लावायला सांगितला. फांदी जिथे खोडातून निघते तिथे सालीची एक फुगीर, सुरकुतलेली वळी असते. सदऱ्याची कॉलर उभी केल्यासारखी ती दिसते, आणि तिला कॉलरच म्हणतात. बोटाने चाचपली तर खडबडीत घडी लागते आणि तिच्यापुढे फांदीची साल गुळगुळीत होते. पुतण्याचे म्हणणे असे, की कॉलर ही फांदीची नसून खोडाची मालमत्ता आहे. काप तिच्या नेमका बाहेर घ्यायचा, सपाटही नाही आणि खुंटी ठेवूनही नाही.

याला आधार म्हणून त्याने अलेक्स शायगो या अमेरिकी शास्त्रज्ञाचे नाव घेतले. हे गृहस्थ तिकडच्या वनसेवेत होते आणि त्यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिले. १९७७ मध्ये त्यांनी मांडले, की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते आणि त्यावर नवे लाकूड चढवते. म्हणजे ते जखम बरी करीत नाही, बुजवते. सपाट काप घेतला की या कामाला लागणारी कॉलरच आपण कापून टाकतो. मला हे फार ओळखीचे वाटले. आमच्या कार्यालयातही चूक कधी दुरुस्त होत नसे. तिच्याभोवती नव्या फायली रचून ती बंदिस्त केली जाई.

"मंग जखमेले पेस्ट लावाची का नाई?" काकाजींनी मुद्द्यालाच हात घातला.

पुतण्या म्हणाला, कूज थांबवायला जखमेवरच्या लेपांचा उपयोग होत नाही, हे शायगो यांनी दाखवले आहे. उलट थर ओल धरून ठेवतो. एवढे बोलून तो थांबला असता तर निभावले असते. पण काकाजी चाळीस वर्षे संत्र्याच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावत आले आहेत, हे तो विसरला. "चाळीस वर्षं झाले लावून रायलो मी. ते का पूजेले लावतो?"

येथे काकाजींची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. संत्र्याला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, होतो. त्याचा रोगकारक जमिनीत राहतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर खोडावर उडतो. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत पेस्ट लावतात, आणि ते अगदी योग्य आहे. आंब्याची मोठी छाटणी केली तर कापांवर ही पेस्ट लावण्याची शिफारस आपल्याकडे करतात, हे पुतण्यालाही मान्य करावे लागले. त्याचे एवढेच म्हणणे होते, की आपला काप चौदा फुटांवर आहे आणि जमिनीवरचा चिखल तेथवर उडवणारा पाऊस आला, तर आंब्याची चिंता करायला आपण शिल्लक राहणार नाही.

मास्तरांनी वाद मिटवण्यासाठी इतिहास सांगितला, आणि त्यामुळे तो वाढला. फ्रान्सच्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर मळेवाले मोरचूद आणि चुना शिंपडत, ते रोगासाठी नव्हे, तर वाटसरूंनी द्राक्षे चोरून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले, की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही; आणि १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे ठेवले. मास्तरांना सुचवायचे होते, की विज्ञान अपघाताने पुढे जाते. काकाजींनी यातून घेतलेला बोध वेगळा होता. "म्हणजे हे मुळातच चोट्टे हाकलाचं औषध आहे," ते म्हणाले, आणि वर वानरांकडे पाहून विचारात पडले.

बाकीचे सल्ले मी आटोपते घेतो. एकाने खोडातल्या जुन्या ढोलीत सिमेंट भरायला सांगितले. झाड वाऱ्याने हलते आणि सिमेंट हलत नाही, हे लक्षात आल्याने ते मी टाळले. एकाने रस्त्याच्या झाडांसारखे गेरू-चुन्याचे पट्टे सुचवले, कारण त्याने झाड 'सरकारी' दिसते आणि कोणी हात लावत नाही. आंबा एका वर्षाआड फळतो, ही माझी तक्रार ऐकून एका बुवांनी कुऱ्हाड दाखवून झाडाला धमकावण्याचा उपाय सांगितला. वेशीजवळच्या नव्वदीच्या आबाजींनी मात्र सांगितले, की फांदी गेली की तिच्या सावलीतली साल उघडी पडेल, पुढच्या उन्हाळ्यात तिला चटका बसेल, तेव्हा पश्चिमेच्या अंगाला नुसता चुना मारा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पुतण्या म्हणाला बरोबर, काकाजी म्हणाले बरोबर, मास्तर म्हणाले बरोबर. साहजिकच तो चुना आजतागायत मारला गेलेला नाही. ज्यावर वाद नाही ते काम आमच्या गावात होत नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात चढणारा गडी मिळाला. किडकिडीत, अबोल मनुष्य. आठशे रुपये ठरले. त्याने तंबाखू मळली, फांदीकडे बराच वेळ पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "दोर कोन धरते?" सहा जण पुढे झाले. झाडाखाली तेव्हा सुमारे वीस माणसे होती आणि त्यांतली सहा काम करीत होती. सरकारी हिशेबाने हे प्रमाण वाईट नाही.

काकाजींच्या आज्ञेवरून आधी एक लहान फांदी नमुन्यादाखल कापायचे ठरले. "वरून काप, वरून!" असा त्यांचा आवाज घुमला. गड्याने वरून करवत चालवली. फांदी अर्धी कापली जाताच स्वतःच्या वजनाने करकरत खाली गेली आणि जाताना मातृवृक्षाची दीड हात साल सोलून घेऊन गेली. ओल्या केळीचे साल निघावे तशी ती निघाली. खाली पांढरट, चिकट लाकूड उघडे पडले आणि चिकाचा कैरीसारखा वास आला. क्षणभर कोणी बोलले नाही.

मग गड्याने, कोणालाही न विचारता, मोठ्या फांदीला हात घातला. खोडापासून हातभर अंतरावर त्याने आधी खालच्या बाजूने करवत लावली, जाडीच्या चौथाईपर्यंत. नंतर त्याच्या चार बोटे पुढे वरून कापले. फांदी सरळ तुटून दोरावर झुलली. साल एक बोटभरही निघाली नाही. शेवटी उरलेली खुंटी त्याने कॉलरच्या बाहेरून, पुतण्याने सांगितलेल्या नेमक्या जागी, उतरवली. पुस्तकांत याला तीन कापांची पद्धत म्हणतात.

"तुले हे येत होतं तं पयले काहून नाई केलं?" मी खालून विचारले.

"काकाजी सांगून रायले होते ना," तो म्हणाला, आणि उतरला.

फांदी दोरावरून खाली येताना सहा जणांनी सहा दिशा सुचवल्या. परिणामी ती टिनावर पडली नाही, भिंतीवरही पडली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे पडण्याची कोणालाच शंका नव्हती, तिथल्या रांजणावर पडली.

पेस्ट लावायची नाही, असा मी लेखी स्वरूपाचा निर्णय जाहीर केला. त्याच संध्याकाळी काकाजींनी सामान आणले. प्रमाण त्यांना झोपेतही पाठ आहे: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. मोरचुदाला लोखंडी भांडे वापरू नये, हे त्यांनीच गावाला शिकवले. पण आमच्या प्लास्टिकच्या बादलीत धुणे भिजत होते, म्हणून त्यांनी 'एका रातीपुरते' मोरचूद लोखंडी बादलीत भिजवले. सकाळी बादली आतून तांब्याची झाली होती आणि तळाशी पाझरत होती. उरलेल्या द्रावणात त्यांनी चुना ओतला, विळ्याचे पाते बुडवून पाहिले, ते लालसर झाले तेव्हा आणखी चुना घातला, पुन्हा बुडवले, पाते स्वच्छ निघाले. या परीक्षेच्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. नको म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. शिडी आखूड पडल्याने ब्रश कापाच्या खालच्या अर्ध्यापर्यंतच पोचला. तिसऱ्या दिवशी वरच्या अर्ध्यावर गेरू दिसला. तो कोणी लावला हे कळले नाही, पण त्या रात्री बुवांची शिडी आमच्या कुंपणाला टेकलेली होती.

आता वर्ष झाले आहे. कापाच्या कडेने नव्या सालीची बोटभर वळी गोल फिरून आली आहे, निळ्या भागातही आणि तांबड्या भागातही सारखीच. काकाजी ती पेस्टमुळे आली म्हणतात, बुवा गेरूमुळे म्हणतात, आणि पुतण्या फोनवर विचारतो की काप कॉलरच्या बाहेरून घेतला होता ना.

वानरे मात्र येतात. फांदी होती तोवर ती टिनावर उतरत. आता वरच्या डहाळीवरून दहा फुटांची झेप घेऊन आदळतात. हुप्याच्या उडीला मायने परवा चहाचे भांडेच खाली ठेवले. सौभाग्यवती माझ्याकडे पाहतात, मी पंचांग पाहतो. काल काकाजी आले, बराच वेळ टिनाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चोट्ट्यांसाठीच हाये नं ते औषध? टिनालेच लावू." लोखंडी बादलीचे काय झाले ते अंगणात जमलेल्या प्रत्येकाने पाहिले होते. तरीही नको असे कोणी म्हटले नाही. एक हात मारावा की दोन, एवढ्यावरच चर्चा सुरू झाली.